आपण इथले : अभ्यासदिवसांचा अनुभव

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर मी आजवर फक्त माईक तपासायला आणि खुर्च्या लावायला चढलो आहे. बोलायला उभा राहण्याची ही पहिलीच वेळ. मी काही मोठा शिकलेला माणूस नाही. लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो आणि पुढची वीस वर्षे रूळ, पूल, मोऱ्या आणि गँगची माणसे यांच्यातच गेली. तेव्हा काही कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्यावे. मंडळाच्या अभ्यासदिवसांबद्दल चार शब्द सांगा, असे आपल्या सेक्रेटरींनी फर्मावले आहे. चाराचे थोडे जास्त होतील.

सुरुवात करतो १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्रीपासून. ती रात्र हैदराबादेत राहणारा कोणी विसरलेला नाही. करोनामुळे त्या वर्षी आपला उत्सव घरच्या घरी झाला होता, मंडळाची भांडी गोदामातच पडून होती. ती त्या रात्रीनंतर बाहेर निघाली. रुळाच्या पलीकडच्या खालच्या गल्लीत आपली तीन कुटुंबे राहतात. त्यांच्या घरात कमरेएवढे पाणी होते. आपण खिचडी केली, चादरी वाटल्या, आपल्या मुलांनी गाळ उपसला. मंडळाने त्या वेळी जे काम केले त्याला तोड नाही, हे मी मनापासून सांगतो.

पुढे महिन्याभराने बैठक झाली. हे पाणी दर दोन-तीन वर्षांनी येते, तर आपण काही विचारपूस करावी का, असा विषय निघाला. तेव्हा एक सभासद म्हणाले, "ते इथल्या लोकांचे प्रश्न आहेत हो, आपण बोलून काय उपयोग?" ज्यांनी हे म्हटले त्यांच्या आजोबांनी या शहरात घर बांधले आहे. मला हसू आले नाही, कारण मी स्वतः तेच बोलत आलो होतो. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा तिकडे गेला. आपल्यापैकी पुष्कळ घरे त्याच्याही आधीपासून इथली, माझ्यासारखे नोकरीमुळे आलेले नंतरचे. पण तीन पिढ्या इथले पाणी पिऊनही आपण बोलताना पाहुण्यासारखे बोलतो. ही गोष्ट त्या दिवशी मनाला लागली.

माझ्या बहिणीचे यजमान अमेरिकेत अटलांटा शहरात असतात. तिथे १९६९ पासून एक पद्धत आहे. निरनिराळ्या व्यवसायांतली काही माणसे निवडायची आणि वर्षभर त्यांनी एकत्र येऊन शहराचा एकेक प्रश्न समजून घ्यायचा. ते फोनवर सांगत होते, मी ऐकत होतो. म्हटले, आपल्याला एवढे मोठे जमणार नाही, पण दहा-पंधरा तरुण आणि दीड महिन्यातून एक रविवार एवढे तर जमेल. कोणी 'नेतृत्व विकास शिबिर' असे नाव सुचवले. त्यावर आपल्या आजी म्हणाल्या, "पुढारी घडवायचे कारखाने आधीच भरपूर आहेत, तुम्ही आणखी कशाला काढता?" म्हणून नाव साधेच ठेवले, अभ्यासदिवस.

पहिला दिवस साफ फसला. दोष माझा. हॉलमध्ये पडदा लावून 'पर्जन्यजल निचरा' या विषयावर मी सव्वा तास बोललो. नऊ जण आले होते, त्यांतले चार बटाटेवड्यांपर्यंत टिकले. दुसऱ्या वेळी ठरवले, पडदा नाही, हॉल नाही, पायी जायचे.

सकाळी सात वाजता आम्ही अफझलगंजला उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातल्या चिंचेखाली जमलो. आपल्यापैकी कितीजणांनी ते झाड पाहिले आहे? २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला जो पूर आला, त्यात हजारो माणसे गेली. त्या वेळी या झाडावर चढलेले सुमारे दीडशे लोक वाचले, असे सांगतात. मुलांनी मान वर करून फांद्या पाहिल्या. नदी कुठे, झाड कुठे! पाणी इथवर आले होते हे आकड्यांनी पटत नाही, तिथे उभे राहिले की पटते.

त्या पुरानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. हे विश्वेश्वरय्या म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, मुंबई सरकारच्या नोकरीत नाशिक-पुण्याकडे काम केलेले आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे. म्हणजे आपल्या ओळखीचेच की. त्यांनी आधी शोध घेतला तो नदीच्या वरच्या अंगाचा. मुसीच्या खोऱ्यात शेकडो लहानमोठे तलाव होते. त्या पावसात त्यांतले दोनशेंहून अधिक फुटले आणि ते सगळे पाणी एकदम शहरावर आले. त्यांनी उपाय सुचवला तोही वरच्या अंगाचाच. पाणी शहराच्या आधीच अडवायचे आणि बेताबेताने सोडायचे. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. पूर अडवायला बांधलेल्या त्या तळ्यांनी पुढे शहराला पिण्याचे पाणी दिले.

आमच्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, ती समोरच बसली आहे आणि लाजेल. ती म्हणाली, "काका, २०२० लाही तलावच फुटले होते ना?" खरे होते. त्या ऑक्टोबरात गगनपहाडजवळचा अप्पा चेरुवु फुटला, बालापूरच्या गुर्रम चेरुवुचा कट्टा फुटला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. एकशे बारा वर्षांत शहर कितीतरी पटींनी वाढले, पण पाण्याने वाट बदलली नाही. तलाव मात्र आपण बदलले. मासाब टँकवरून आपण रोज बसने जातो. नावात टँक आहे, तळे कुठे आहे? त्या दिवसापासून पोरांना एक खेळच लागला. कुठल्याही वस्तीचे नाव ऐकले की त्यात चेरुवु, कुंटा किंवा तलाब आहे का ते बघायचे.

आता येतो आपल्या खालच्या गल्लीकडे. इथे माझीच परीक्षा झाली.

त्या गल्लीचा नाला रेल्वेमार्गाखालच्या मोरीतून पलीकडे जातो. गल्लीतले सगळे म्हणत, रेल्वेची मोरी लहान आहे म्हणून पाणी तुंबते. ती मोरी माझ्याच सेक्शनमधली. मी मुलांना म्हटले, चला, मोजून बघू. मनात पक्की खात्री होती की मोरी पुरेशी आहे आणि दोष पलीकडच्या अतिक्रमणाचा निघणार. टेप आणि मोजपट्टी घेऊन मे महिन्याच्या एका रविवारी आम्ही नाल्यात उतरलो. मोरीची उंची सहा फूट, पण आत अडीच फूट गाळ. म्हणजे निम्मी वाट थोडी कमी बंद. आणि गंमत अशी की आदल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी ती साफ झाल्याची नोंद आमच्या रजिस्टरात होती. खाली सही माझी.

काठावर गवत उगवलेला एक ढीग होता. ती मुलगी म्हणाली, "काका, काढलेला गाळ कुठे टाकायचा असतो?"

मी म्हटले, "उचलून लांब न्यायचा असतो."

"मग हा ढीग कशाचा आहे?"

मंडळी, मी खोटे बोलू शकलो असतो. तिला काय कळणार होते? पण तिथे बारा पोरे उभी होती आणि गल्लीतली दोन-तीन माणसेही. मी सांगितले की गाळ काढला, पण काठावरच ठेवला, पहिल्या मोठ्या पावसात तो घसरून पुन्हा आत गेला असणार, आणि सही करण्याआधी मी पुन्हा येऊन पाहिले नाही. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तेलुगूत काहीतरी म्हटले. मला अर्धेच कळले. मुलीने भाषांतर केले नाही, बरेच झाले.

दुसरी गोष्टही निघालीच. मोरीच्या पुढे, आमची हद्द संपते तिथून महापालिकेचा नाला लागेपर्यंत, तीसेक फुटांचा तुकडा आहे. आमची माणसे आमच्या खुणेपर्यंत साफ करतात, त्यांची माणसे त्यांच्या कठड्यापासून. मधल्या तीस फुटांना वालीच नाही. त्याच्यापुढे दुकानासाठी नाल्यावर टाकलेला स्लॅब आहे, तो वेगळाच.

त्या आठवड्यात गाळ ट्रॅक्टरने उचलून नेला. मधल्या तुकड्यासाठी मुले महापालिकेच्या कचेरीत चार वेळा गेली. इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. अर्ज तेलुगूत मुलांनीच लिहिला. आपल्याला जे जमत नाही ते त्यांना येते. घरी आपण त्यांना "मराठी नीट बोल" म्हणून ओरडतो, आणि ओरडायलाच हवे, पण कचेरीच्या टेबलासमोर ती पोरे जेव्हा इथल्याच माणसांसारखी बोलली, तेव्हा समोरच्या साहेबांनी "तुम्ही कुठले?" असे एकदाही विचारले नाही. जूनमध्ये तो तुकडा साफ झाला. स्लॅब अजून तिथेच आहे. गेल्या पावसाळ्यात पाणी उंबऱ्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आले आणि दोनेक तासांत ओसरले. २०२० सारखा पाऊस पुन्हा झाला तर काय होईल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आमच्या रेल्वेच्या पुलांवर आजवरची सर्वांत उंच पूरपातळी आणि तिचे वर्ष रंगवलेले असते. मुलांनी ते पाहिले आणि गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारून त्याच्या भिंतीवर तशीच रेघ मारली. तारीख तेलुगू, उर्दू आणि मराठीत. घर भाड्याने बघायला येणारे आता त्या रेघेकडे बघून प्रश्न विचारतात. घरमालकांना ते फारसे आवडलेले नाही.

फाटकाच्या दिवसाबद्दल थोडक्यात सांगतो. २४ जुलै २०१४ ला मेदक जिल्ह्यात मासाईपेटच्या बिनराखणीच्या फाटकावर शाळेची बस नांदेडहून येणाऱ्या पॅसेंजरखाली आली आणि लहान मुले गेली. त्याच मार्गाने आपण गावी जातो. ब्रॉडगेजवरची बिनराखणीची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपली, पुष्कळ ठिकाणी खालून रस्ते झाले. त्या भुयारी रस्त्यांत पावसाचे पाणी साचते, हा नवा प्रश्न. त्या दिवशी मुलांनी एका गेटमनबरोबर पूर्ण पाळी काढली. फाटक बंद असताना खालून वाकून जाणारे किती, ते मोजले. पहिल्या तासात एकवीस. त्यांत आपल्या मंडळाचे एक सभासद होते. नाव विचारू नका.

शेवटी, यंदाची मूर्ती. हुसेनसागरचा दिवस झाल्यावर मुलांनी कमिटीपुढे सरळ प्रश्न ठेवला की तळ्याबद्दल आपण बोलतो, मग आपली पाच फुटी प्लास्टरची मूर्ती कशी चालते? २०२१ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि प्लास्टरच्या मूर्तींना तिथे त्या वर्षापुरती शेवटची परवानगी मिळाली होती, हेही त्यांनी कागदावर लिहून आणले होते. सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. आवाज चढले, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. यंदा मूर्ती अडीच फुटी शाडूची आहे आणि विसर्जन अंगणातल्या हौदात होणार आहे. आपले अण्णा पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी मला काल सांगितले, "हुसेनसागरवर गेल्याशिवाय मला बाप्पा गेल्यासारखा वाटत नाही." चाळीस वर्षे त्यांनी मूर्तीचा ट्रक सांभाळला आहे. त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही. मी फक्त एवढीच विनंती केली की हौदात मूर्ती त्यांनी स्वतःच्या हाताने सोडावी. ते हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत.

पुढचा अभ्यासदिवस उत्सव संपल्यावरच्या दुसऱ्या रविवारी आहे. विषय कचरा. आपली गाडी आपल्या गल्लीतून निघते तिथपासून तिच्या मागे शेवटपर्यंत जायचे. तरुणांच्या तीन जागा रिकाम्या आहेत, आणि या वेळी ज्येष्ठांसाठीही दोन ठेवल्या आहेत. नावे सेक्रेटरींकडे द्यावीत. सकाळी साडेसहाला गेटपाशी जमायचे, पाण्याची बाटली आणायची आणि बूट घालून यायचे. नाल्याच्या दिवशी माझी एक चप्पल गाळात राहिली, ती अजून तिथेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!