परत येणाऱ्याचे नागरिकत्व



ज्या आळीतला एकही मुलगा अमेरिकेत, इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात नाही, अशी आळी आज आपल्या शहरात सापडणे कठीण. या मुलांपैकी कित्येक आता तिकडचे नागरिक आहेत. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० लोकांनी भारताचे नागरिकत्व सोडले, असे सरकारनेच संसदेत सांगितले. २०२३ चा आकडा २,१६,२१९ आहे. जाणाऱ्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. आम्ही आज परतणाऱ्यांविषयी बोलणार आहोत. एकदा दुसऱ्या देशाचा नागरिक झालेल्या माणसाला पुन्हा भारताचा नागरिक होता येते काय, आणि येत असल्यास ते त्याच्या हक्काने की सरकारच्या मर्जीने, हा आमचा प्रश्न.

आमचे एक शाळासोबती १९७८ साली अमेरिकेस गेले. धाकट्या भावाला तिकडे बोलावून घेता यावे म्हणून १९९१ साली त्यांनी तिथले नागरिकत्व घेतले. २०१९ साली ते कायमचे परत आले. मतदानाच्या दिवशी घरातली सगळी माणसे बोटाला शाई लावून आली, तेव्हा हे गृहस्थ ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. आम्हांला म्हणाले, “अरे, मी भारताचे नागरिकत्व सोडले असे मी कधी कुठे लिहूनच दिलेले नाही. मी फक्त तिकडचे घेतले.”

ही समजूत एकट्या त्यांचीच नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम असे आहे, की भारताच्या नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याच क्षणी त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी अर्ज नको, सही नको, कुणाची परवानगी नको. शिवाय नियम असा, की परदेशाचा पासपोर्ट घेतला हाच स्वेच्छेचा निर्णायक पुरावा. तो नियम टिकतो की नाही याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि १९६२ साली न्यायालयाने तो उचलून धरला. गोव्यातील लोकांना हे विशेष ठाऊक आहे. १९६१ पूर्वीच्या जन्माच्या, अथवा आईबापांच्या तशा जन्माच्या आधाराने तिथले पुष्कळ लोक पोर्तुगालचा पासपोर्ट काढतात. आपण जुन्या हक्काची नुसती नोंद केली असे त्यांना वाटते, पण त्या पासपोर्टाबरोबर इकडचे नागरिकत्व गेलेले असते.

आता कुणी म्हणेल, ओ. सी. आय. कार्ड आहे ना? आहे. २००३ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी ही सोय आली, आणि तिचे इंग्रजी नाव ‘ओव्हरसीज सिटिझन’ असे असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा झाला. या कार्डाने वारंवार व्हिसा काढण्याची कटकट जाते, हा मोठाच दिलासा. परंतु कार्डवाल्याला मत देता येत नाही, निवडणुकीस उभे राहता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेण्याची मोकळीक या कार्डाने मिळत नाही. शिवाय सरकारला ते कायद्यात सांगितलेल्या कारणांवरून रद्द करता येते. पाहुण्याला घराची किल्ली दिली, तरी सातबाऱ्यावर त्याचे नाव चढत नाही.

तर मग खरे नागरिकत्व परत मिळवण्याची वाट कोणती? त्याच कायद्याचे पाचवे कलम. जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी कुणी एक, पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, त्याने अर्जापूर्वी लागोपाठ बारा महिने भारतात वास्तव्य केलेले असले म्हणजे त्याला नोंदणीसाठी अर्ज करता येतो. अर्ज कलेक्टरकडे करावयाचा; तो राज्य सरकारमार्फत दिल्लीस जातो. मंजुरी मिळाल्यास परदेशाचे नागरिकत्व सोडीन असे आधीच लिहून द्यावे लागते, आणि शेवटी निष्ठेची शपथ. एक नागरिकत्व सुटले आहे आणि दुसऱ्याचा दाखला अजून हाती नाही, असे काही दिवसही यात येऊ शकतात. सत्तरीच्या माणसाला ते दिवस सुखाचे जात नाहीत.

आमच्या मित्राची गाडी अडली ती बारा महिन्यांवर. दहाव्या महिन्यात अमेरिकेत मुलीचे बाळंतपण आले. आई हयात नाही, म्हणून बाप गेला, आणि पंचेचाळीस दिवस राहिला. खास कारण असल्यास सरकारला सूट देता येते, पण २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे ती सगळी मिळून तीस दिवसांची. पंधरा दिवसांसाठी दहा महिने पाण्यात गेले. कचेरीतल्या कारकुनाने पासपोर्टावरचे शिक्के पाहिले आणि कागद परत केले. त्याचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. त्याने कायदा वाचला.

याच कलमात पुढे एक वाक्य आहे, आणि आमचा खरा आक्षेप त्याला आहे. ज्याचे भारतीय नागरिकत्व एकदा संपले, त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या आदेशावाचून होणार नाही, असे ते वाक्य सांगते. भारताशी बेइमानी केल्यामुळे ज्याचे नागरिकत्व काढून घेतले, आणि धाकट्या भावासाठी ज्याने दुसरीकडे शपथ घेतली, ते दोघे या वाक्यात एकाच ओळीत उभे आहेत.

मुलांची गोष्ट याहून अवघड. आठव्या कलमाप्रमाणे, आईबापांनी नागरिकत्वाचा विधिपूर्वक त्याग केला तर अज्ञान मुलाचेही जाते. पण सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत नुसते निवेदन करून त्याला ते परत घेता येते. इथे सरकारची मर्जी नाही, हा हक्क आहे. मात्र आईबापांनी त्याग न करता सरळ दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल तर? २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की त्याग वेगळा आणि समाप्ती वेगळी. समाप्तीच्या प्रकरणात आठव्या कलमाचा आधार मिळणार नाही, पाचव्याच्या दारातून यावे. शब्दांवर पाहता निकाल बरोबर आहे. परंतु कोणत्या कलमाखाली आपले नागरिकत्व जात आहे, हे आठ वर्षांच्या मुलाला कुणी विचारले होते?

दुहेरी नागरिकत्व द्या, असे आमचे म्हणणे नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये घटना परिषदेत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली, तेव्हा मसुदा समितीला यांइतका त्रास क्वचितच दुसऱ्या कलमांनी दिला, असे डॉ. आंबेडकरांनी बोलून दाखवले होते. फाळणीच्या त्या दिवसांत एक माणूस, एक निष्ठा हे धोरण शहाणपणाचे होते, आणि आजही त्यात तथ्य आहे. फिलिपीन्सने २००३ साली कायदा करून, जन्माने फिलिपिनो असलेल्या माणसाने एक शपथ घेतली की जुने नागरिकत्व परत, आणि नवेही कायम, अशी सोय केली. इतके आम्हांला नको. ब्रिटनचा १९८१ चा कायदा पाहा. दुसरे नागरिकत्व घेण्यासाठी किंवा राखण्यासाठी ज्याला ब्रिटिश नागरिकत्व सोडणे भाग पडले, त्याला ते आयुष्यात एकदा हक्काने परत मिळते. वर्तन चांगले हवे, एवढेच. दुसऱ्यांदा आला तर मात्र सरकारची मर्जी. हे माप आम्हांला पसंत आहे.

यावर आक्षेप येतो, आणि तो आमच्याच घरातून येतो: उमेदीची वर्षे तिकडे घालवली, करही तिकडेच भरला, आणि म्हातारपणी इकडचे मत हवे! आक्षेपात दम आहे. पण परत येणाऱ्याला आपले परदेशी नागरिकत्व कायमचे सोडावे लागते, हे विसरता कामा नये. लेकी-नातवंडांच्या देशात जायचे तर त्याला पुढे व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागेल. फुकटात काही मिळवण्यासाठी एवढी किंमत कोण देतो? बारा महिन्यांची अट राहू द्या. तिने खरा परतणारा ओळखता येतो. फक्त आजारपण, बाळंतपण, मरण यांसाठी तीस दिवसांची सूट वाढवा, आणि अट पुरी करणाऱ्याला, त्याच्याविरुद्ध काही गंभीर नसेल तर, पहिल्या वेळी नकार मिळू नये.

आमच्या मित्राने बारा महिने नव्याने मोजावयास घेतले आहेत. यंदा नातवाचा पहिला वाढदिवस तिकडे आहे. मुलीला त्यांनी कळवले आहे, की तूच त्याला घेऊन इकडे ये.