पोटात आग पडते तेव्हा

गटाच्या मागच्या बैठकीत एक ताई पोट धरून बसल्या होत्या. "आतून नुसती आग पडलीय," म्हणाल्या. सकाळपासून पोटात काय होतं? दोनदा कोरा चहा, मिश्री आणि कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेली गोळी. भाकरी सगळ्यांचं झाल्यावर, दुपारी दोनला.

अन्न पचवायला जठरात आम्ल असतं. आतलं अस्तर त्यापासून जठराला सांभाळतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या हे अस्तर कमजोर करतात, तंबाखूनंही त्रास वाढतो. मग आत जखम होते. त्यालाच अल्सर म्हणतात.

म्हणून कामाला लागण्याआधी अर्धी का होईना, भाकरी खा. मिश्री सोडा. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. रात्री जेवून लगेच आडव्या होऊ नका. जळजळ दोन आठवडे राहिली, तर आरोग्य केंद्रात दाखवा.

त्या ताईंना डांबरासारखं काळं शौचाला होत होतं. लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती आतल्या रक्तस्रावाची खूण असते. असं झालं, रक्ताची उलटी झाली किंवा छातीत दाबून घाम फुटला, तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. लगेच 108 ला फोन लावा.

आणि बायांनो, सगळ्यांच्या शेवटी जेवायची सवय आता मोडूया.