घटनास्थळ आणि वाणीचा संयम



पोलीस व अग्निशामक दलातील सेवकांना जे दिसते, ते इतरांना दिसत नाही. म्हणूनच त्यांच्या वाणीवर, आणि आता हातातील मोबाइलवरही, संयमाचे बंधन असते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा सुरक्षा दलांच्या हालचाली दूरचित्रवाणीवर थेट दिसत होत्या आणि सीमेपलीकडील सूत्रधार त्या पाहून हल्लेखोरांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले.

खेड्यात हाच प्रसंग लहान रूपाने येतो. अत्याचार झालेल्या बालिकेला पोलीस सोडवून आणतात. एखादा शिपाई तिचे छायाचित्र विश्वासाने मित्राला व्हॉट्सॲपवर धाडतो आणि घटकेत ते गावभर होते. स्वतःकडचे पुसले, तरी दुसऱ्याकडचे उरतेच. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये अशा बालकाचे नाव, पत्ता, एवढेच नव्हे तर शाळाही प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. वार्ताहर शाळेच्या दाराशी येतो, तेव्हा शिक्षकावरही तीच जबाबदारी येते.

वार्ताहर हा वैरी नव्हे. त्याला आदराने बसवावे, त्याचे प्रश्न टिपून घ्यावेत आणि ते त्याच दिवशी वरिष्ठांकडे पोहोचवावेत. तर्क सांगू नये. असत्यही सांगू नये.

बातमी दोन दिवसांत शिळी होते. त्या मुलीला मात्र त्याच गावात, त्याच वर्गात पुन्हा बसावयाचे असते.