लोंढा

नदीला पूर आला म्हणजे पाण्याचे थेंब कोणी मोजीत बसत नाही. बांध घालण्याचीच धांदल उडते. माणसांच्या आगमनास ‘लोंढा’ म्हटले की नेमके हेच घडते.

१९६३ साली केनिया स्वतंत्र झाल्यावर तेथील हजारो भारतीयांनी ब्रिटिश पारपत्र कायम ठेवले. त्यांत गोमंतकीय कारकूनही होते. पुढे नोकरी व व्यापार यांवर निर्बंध येताच ते ब्रिटनकडे निघाले. कायद्याने ते नागरिक होते. पण राजकारणाच्या भाषेत ते नुसते ‘आशियाई’ झाले. नाव बदलले आणि नात्याचा विसर पडला. १९६८ च्या आरंभी अवघ्या तीन दिवसांत कायदा संमत होऊन, ज्यांचे ब्रिटनशी वाडवडिलांचे नाते नव्हते, त्यांचा मुक्त प्रवेश संपला.

त्याच वर्षी २० एप्रिल रोजी बर्मिंगहॅम येथे ईनॉक पॉवेल यांनी व्हर्जिल कवीची रक्ताने फेसाळलेल्या नदीची प्रतिमा वापरली. पक्षनेते हीथ यांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी पदावरून दूर केले. तथापि लंडनचे गोदी कामगार त्यांच्यासाठी मोर्चा घेऊन निघाले, आणि गॅलपच्या चाचणीत शंभरांपैकी ७४ जणांनी त्यांना दुजोरा दिला.

हे ७४ जण दुष्ट होते, असे मी म्हणणार नाही. घरांची टंचाई, शाळांतील गर्दी या त्यांच्या चिंता खऱ्या होत्या. परंतु माणसे किती आणि घरे किती, या प्रश्नास उत्तर असते. पुराला उत्तर नसते, केवळ भय असते.

१९७२ साली इदी अमीन यांनी युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा लेस्टर नगरपालिकेने तेथील वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे कळविले. तरीही अनेकजण तेथेच गेले. त्याच लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरील दिवाळीची रोषणाई पुढे दूरवर प्रसिद्ध झाली.

आपल्या वृत्तपत्रांतही ‘परप्रांतीयांचे लोंढे’ येतात. तेथून तो शब्द माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत उतरतो. मी त्याखाली तांबडी रेघ ओढतो आणि समासात विचारतो: किती माणसे? कोठून? कशासाठी? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपण मराठी माणसांनी तरी हे प्रश्न टाळू नयेत. आपले पूर्वजही एके दिवशी कोणाच्या तरी गावात परके म्हणूनच उतरले होते. त्यांना त्या वेळी तेथील लोकांनी काय म्हटले असेल?