बैठक लंडनला, घर डब्लिनला



लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची गोष्ट अडली म्हणजे शहाणा माणूस एक वाक्य हाताशी धरून असतो : 'घरी वडीलधाऱ्यांना विचारून सांगतो.' त्याला खरोखर विचारायचे असतेच असे नाही. पण घरी कोणी थोर माणूस बसला आहे आणि त्याच्या संमतीवाचून सुपारी फुटणार नाही, एवढे समोरच्याला कळले तरी पुष्कळ काम होते. राष्ट्राराष्ट्रांच्या वाटाघाटींतही हे वाक्य मोठे बलवान आहे. मात्र त्याला एक पथ्य आहे. बैठकीस गेलेला आणि घरी राहिलेला यांच्यात काय ठरले आहे, ते दोघांनाही सारखेच ठाऊक असले पाहिजे. हे पथ्य मोडले म्हणजे काय होते, ते आयर्लंडच्या १९२१ च्या तहावरून सांगण्याचा आमचा आज विचार आहे.

आयर्लंड आपल्याला परके नाही. लोकमान्यांनी १९१६ साली बेळगावला जी होमरूल लीग स्थापन केली, तिचे नावच आयरिश चळवळीतून आलेले होते. त्या देशाने १९१९ च्या जानेवारीत आपली स्वतंत्र प्रतिनिधिसभा भरवली आणि पुढे अडीच वर्षे गनिमी लढा दिला. ११ जुलै १९२१ रोजी शस्त्रसंधी झाली. पण इंग्रज स्वस्थ बसले नव्हते. १९२० च्या कायद्याने त्यांनी उत्तरेचे सहा परगणे वेगळे काढले होते आणि जून १९२१ मध्ये बेलफास्टच्या नव्या पार्लमेंटचे उद्घाटन खुद्द राजाच्या हस्ते करवले होते. बोलणी सुरू होण्यापूर्वीच सुरीचे काम उरकून घेतलेले होते, हे आपण ध्यानात ठेवू.

शस्त्रसंधीनंतर आयर्लंडचे अध्यक्ष इमॉन डी व्हॅलेरा लंडनला जाऊन पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटले. इंग्रजांनी वसाहतीचे स्वराज्य देऊ केले, तेही अटी घालून. डी व्हॅलेरांना प्रजासत्ताक हवे होते. मग सप्टेंबरअखेरपर्यंत पत्रापत्री चालली आणि शेवटी जे निमंत्रण आले त्याचा आशय असा होता : ब्रिटिश साम्राज्य नावाच्या राष्ट्रसमूहाशी आयर्लंडचा संबंध आयरिश आकांक्षांशी कसा जुळवता येईल, ते पाहू. आयर्लंडने हे निमंत्रण स्वीकारले. त्यात प्रजासत्ताक हा शब्द नव्हता. खरी तडजोड त्या स्वीकारातच झाली, असे मायकेल कॉलिन्स पुढे म्हणाले, आणि ते आम्हाला पटते.

आता लंडनला जायचे कोणी? डी व्हॅलेरा स्वतः गेले नाहीत. मंत्रिमंडळात यावर मते समसमान पडली आणि त्यांच्याच निर्णायक मताने ते घरी राहिले. त्यांची कारणे पोकळ नव्हती. घरचे कडवे लोक सांभाळायला कोणीतरी हवे होते. शिवाय शिष्टमंडळाला 'डब्लिनला विचारतो' म्हणण्याची सोय राहणार होती. आर्थर ग्रिफिथ प्रमुख झाले. कॉलिन्स यांची जाण्याची इच्छा नव्हती. त्यांना पाठवले गेले. बार्टन, डग्गन आणि गॅव्हन डफी हे उरलेले तिघे.

या पाच जणांच्या हाती दोन कागद होते. एका कागदाने त्यांना तह करण्याचा पूर्ण अधिकार दिला होता. दुसऱ्यात सूचना होती की, महत्त्वाच्या प्रश्नावर निर्णय घेण्यापूर्वी डब्लिनला कळवावे आणि सहीपूर्वी मसुदा पाठवून उत्तराची वाट पाहावी. आपण वकिलाला वकीलपत्र दिले, तडजोडीची मुभा दिली आणि कानात सांगितले, 'मला विचारल्यावाचून सही करू नका', तर तो वकील काय करील? खटला रेंगाळला तर विचारील. पण न्यायाधीशाने 'आत्ता बोला' म्हटले, तर?

११ ऑक्टोबरला डाऊनिंग स्ट्रीटवर बैठक भरली. समोर लॉइड जॉर्ज, बर्कनहेड, चर्चिल, ऑस्टिन चेंबरलेन अशी मुरलेली माणसे होती. लॉइड जॉर्जनाही घर होतेच, आणि ते आयर्लंडच्या घराइतकेच भांडखोर होते. त्यांचे मंत्रिमंडळ हुजूरपक्षाच्या पाठिंब्यावर तगलेले, आणि त्या पक्षातील कडव्यांना आयर्लंडला काहीच द्यायचे नव्हते. परंतु या गृहस्थांनी आपल्या घरच्या भांडणाचेच हत्यार केले. त्यांनी ग्रिफिथांना सुचवले की, उत्तरेच्या प्रश्नावर सीमा-आयोगाची तोड मी माझ्या लोकांपुढे मांडीन, तेवढ्यापुरता तुम्ही मला विरोध करू नका. ग्रिफिथांनी भलेपणाने होकार दिला. १३ नोव्हेंबरला त्यांना त्या आशयाचा एक कागद दाखवण्यात आला आणि त्यांनी मान डोलावली. आपण कोणत्या गोष्टीला बांधले गेलो, हे त्यांच्या सहकाऱ्यांनाही नीट माहीत नव्हते.

३ डिसेंबरला शिष्टमंडळ रात्रीचा प्रवास करून डब्लिनला मंत्रिमंडळापुढे आले. दिवसभर वाद झाला. मसुद्यावर सही करायची नाही आणि बोलणी मोडलीच तर उत्तरेच्या प्रश्नावर मोडायची, एवढे ठरले. पण सही करा म्हणून गळ्याशी आले तर काय करायचे, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही.

दोन दिवसांनी तेच गळ्याशी आले. ५ डिसेंबरला दुपारी ग्रिफिथ बोलणी उत्तरेच्या प्रश्नावर आणू लागले, तेव्हा लॉइड जॉर्जनी तो नोव्हेंबरचा कागद बाहेर काढला. ग्रिफिथ शब्दाचे पक्के होते. आपण शब्द फिरवला असे कोणी म्हणणे त्यांना सोसण्यासारखे नव्हते. मोडण्याची एकुलती एक जागा गेली. मग लॉइड जॉर्जनी दोन पत्रे दाखवली. बेलफास्टच्या पंतप्रधानांकडे आज रात्री यांपैकी एक जाणार : एकात तह, दुसऱ्यात युद्ध. आगगाडी आणि युद्धनौका तयार आहेत. उत्तर आज रात्रीच हवे.

बेलफास्टला पत्र एक दिवस उशिरा गेले असते तर कोणते आकाश कोसळणार होते? डब्लिनशी दूरध्वनीने बोलता येत होते. बोलले कोणी नाही. ग्रिफिथ आधीच म्हणाले होते की, मी एकटा तरी सही करीन. बिऱ्हाडी परतल्यावर तासन्‌तास वाद झाला. बार्टन आणि डफी शेवटपर्यंत नाही म्हणत राहिले. सही नाकारली तर उद्याच्या युद्धाचे पाप तुमच्या माथी, हा बोल त्यांना सोसवला नाही. ६ डिसेंबरच्या पहाटे दोननंतर सह्या झाल्या. त्या वेळी डी व्हॅलेरा लिमेरिकला होते, आणि मसुदा त्यांना दाखवण्यात आलेला नव्हता.

तहात कॅनडासारखे वसाहतीचे स्वराज्य होते, तीन बंदरे ब्रिटिश आरमाराकडे राहणार होती, सभासदांना राजाशी इमान राखण्याची शपथ होती आणि उत्तरेला वेगळे राहण्याची मुभा होती. ती वेगळी राहिल्यास सीमा-आयोग नेमायचा होता. ७ जानेवारी १९२२ रोजी प्रतिनिधिसभेने तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला. त्या वादात दिवसचे दिवस शपथेवर भाषणे झाली. फाळणीवर त्या मानाने फारच थोडे बोलले गेले. डी व्हॅलेरांनी आपला पर्यायी मसुदा पुढे केला, त्यात शपथ नव्हती. पण उत्तरेची कलमे जवळजवळ तीच होती!

शपथेसाठी मात्र भाऊ भावावर उठला. जून १९२२ मध्ये नव्या सरकारने इंग्रजांकडून घेतलेल्या तोफांनी डब्लिनमध्ये आपल्याच कालच्या सोबत्यांवर मारा केला. ऑगस्टमध्ये ग्रिफिथ वारले आणि दहा दिवसांनी कॉलिन्स वाटेत दबा धरून बसलेल्यांच्या गोळीला बळी पडले. शिष्टमंडळाचे चिटणीस अर्स्किन चिल्डर्स यांना नोव्हेंबरमध्ये आयरिश सरकारनेच गोळी घातली. सत्तराहून अधिक कैद्यांचा असाच अंत झाला. ज्या युद्धाच्या धाकाने सह्या झाल्या, ते युद्ध टळले. दुसरे घरात पेटले.

ज्यासाठी हे झाले त्या शपथेचे पुढे काय झाले? डी व्हॅलेरा सत्तेवर आल्यावर १९३३ साली ती कायद्याने गेली. १९३८ साली बंदरे परत आली. १९४९ च्या एप्रिलमध्ये आयर्लंड पूर्ण प्रजासत्ताक झाले. कॉलिन्स म्हणत असत की, या तहाने स्वातंत्र्य मिळवण्याचे स्वातंत्र्य मिळते, ते इतके खरे ठरले. आणि सीमा-आयोग? १९२५ साली त्याचे काम गुंडाळण्यात आले आणि सीमा होती तिथेच राहिली. ती आजही तिथेच आहे. जो शब्द सर्वांना टोचत होता तो बारा वर्षे टिकला. ज्या रेघेकडे थोड्यांनीच पाहिले तिला शंभर वर्षे उलटून गेली.

डी व्हॅलेरांची कल्पना अशी होती की, आयर्लंड आतून प्रजासत्ताक असावे आणि राजाला केवळ राष्ट्रसमूहाचा प्रमुख मानावे. १९२१ साली इंग्रजांनी ती धुडकावली. त्याच १९४९ च्या एप्रिलमध्ये, प्रजासत्ताक भारताने राष्ट्रकुलात राहावे म्हणून, लंडनच्या परिषदेने जवळपास तीच तोड मान्य केली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जी अशक्य म्हणून सांगितली गेली, ती अशक्य नव्हती. त्या वेळी ती गैरसोयीची होती एवढेच. बलवान पक्ष या दोन शब्दांत नेहमी घोटाळा करतो, आणि दुबळ्या पक्षाने तो घोटाळा ओळखायचा असतो.

यावरून ग्रिफिथ-कॉलिन्स चुकले की डी व्हॅलेरा, हा निवाडा आम्ही देणार नाही. आयर्लंडने तो पिढ्यान्‌पिढ्या दिला आणि त्यावर दोन पक्ष चालवले. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे : आपण माणसे बैठकीला पाठवतो, मग ती देशाच्या कामाला असोत की गावच्या. परत आल्यावर त्यांना फितूर म्हणणे सोपे असते. त्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे की, निघताना आपण त्यांच्या हाती एक कागद दिला होता की दोन? शेवटी अडलेच तर कुठे थांबायचे, हे आपण सांगितले होते काय? ते सांगण्याचे धैर्य आपल्याला नव्हते म्हणून तर आपण त्यांना पाठवले नव्हते ना?