रद्दीतला प्रकल्प आणि ज्ञानकोशातलं पान



मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. एम.ए.ला चाळीस पानांचा प्रकल्प लिहिला. टायपिंगचे पैसे आईनं मजुरीतून दिले. गुण मिळाले, प्रकल्प कपाटात गेला आणि पुढे रद्दीत. तपासणाऱ्याशिवाय तो कुणीच वाचला नाही.

शिक्षक झालो, तर माझे विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानातून जुने प्रकल्प आणून फक्त मुखपृष्ठ बदलत होते. कुणी वाचणारच नसेल तर मनापासून लिहील कोण?

तेव्हा मला मुक्ता साळवे आठवली. फुले दाम्पत्याच्या शाळेतली मातंग समाजाची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तो छापला गेला म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे. वहीतच राहिला असता तर?

म्हणून मी द्वितीय वर्षाला प्रकल्पाऐवजी मराठी विकिपीडियासाठी लेख लिहायला सांगितला. २००३ पासूनचा हा ज्ञानकोश कुणीही वाचू शकतो, कुणीही लिहू शकतो. कच्चं लिखाण आधी 'धूळपाटी'वर करायचं. प्रत्येक विधानाला छापील, विश्वासार्ह संदर्भ द्यायचा. लेखाच्या चर्चापानावर अनोळखी माणूस हरकत घेतो, त्याला पुराव्यानं उत्तर द्यायचं. आमची मुलं पहिल्यांदाच ग्रंथालयात पृष्ठ क्रमांक शोधत बसली.

एका विद्यार्थिनीला तिच्या पणजोबांवर लिहायचं होतं. ते गावोगाव आंबेडकरी जलसे करायचे. मी म्हणालो, "बाई, हा लेख टिकणार नाही. छापील संदर्भ नाही. शिवाय घरच्या माणसावर आपणच लिहू नये, असा संकेत आहे." ती म्हणाली, "सर, ज्यांना लिहूच दिलं नाही, त्यांचा छापील पुरावा आणायचा कुठून?"

मित्रांनो, हा प्रश्न खरा आहे. नियम सगळ्यांना सारखा दिसतो. पण ज्यांच्या घरात शंभर वर्षं छापखाना होता आणि ज्यांना पाटीही मिळाली नाही, त्यांना तो सारखा पडत नाही.

मग तिनं दोन कामं केली. आंबेडकरी जलशांवर लेख लिहिला. त्यासाठी आधार मिळाला, कारण जलसाकार भीमराव कर्डकांनी जलशांवर पुस्तक लिहून ठेवलं होतं. दुसरं, आजीला समोर बसवून पणजोबांची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली. ती आता एका नियतकालिकासाठी लिहिते आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हेच केलं होतं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, बोलतं करून त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केलं. आज तेच पुस्तक इतरांना संदर्भ म्हणून देता येतं.

शोधनिबंध टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. स्वतःचा नवा निष्कर्ष ज्ञानकोशात चालत नाही. तो निबंधातच मांडावा लागतो. पण पुरावा कशाला म्हणतात आणि तो कुणाकडे नसतो, हे आमच्या वर्गाला त्या लेखांनी शिकवलं.

तुमच्यापैकी अनेकांच्या ट्रंकेत एखादं जुनं पत्रक, सभेचा फोटो, वर्गणीची पावती असेल. घरी गेल्यावर ती आधी बाहेर काढा. तारीख, गाव, नावं विचारून लिहून घ्या. सांगणारी माणसं आहेत तोवरच.

जय भीम, जय सावित्री.