आहारातील मध्यम मार्ग : मधुमेह आणि आपले ताट



आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत आकडेमोड करणारी माणसे. त्यामुळे औषधाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ताटातील जमा-खर्चाचा हिशेब मांडता येईल, आणि तेवढाच आज मांडावयाचा आहे.

प्रथम विषयाचे गांभीर्य पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी प्रौढांना मधुमेह आहे. हा श्रीमंतांचा रोग आहे, ही समजूत आता सोडली पाहिजे. तो वस्त्यांत, चाळींत, खेड्यांत पोहोचला आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत याच रोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. त्या अवस्थेतही ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहीत राहिले. ज्या रोगाने आपल्या उद्धारकर्त्याला छळले, त्याविषयी त्यांच्या अनुयायांनी अज्ञानी राहावे, हे शोभणारे नाही.

मधुमेह झाला की आपल्या घरांत काय होते? चहातील साखर बंद होते, पेढा-जिलेबी बंद होते आणि पथ्य पूर्ण झाले असे मानले जाते. ताटात मात्र तीन भाकऱ्या, वाटीभर भात, बटाट्याची भाजी आणि पाण्यासारखी आमटी पूर्वीप्रमाणेच राहते. हिशेब इथेच चुकतो.

अन्नाचे तीन मुख्य घटक आहेत : पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. भाकरी, चपाती, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा हे पिष्टमय. पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी घेतली, तर तिच्यात सुमारे ३५ ग्रॅम पिष्टमय भाग आणि ५ ग्रॅम प्रथिने असतात. तीन भाकऱ्यांचे शंभर ग्रॅमच्या वर गेले. 'भाकरी कितीही खा, भात तेवढा सोडा' हा सल्ला म्हणूनच खोटा आहे. ज्वारी चांगली, तिच्यात चोथाही अधिक, पण तिलाही माप हवे. गुळाचेही तसेच. साखरेऐवजी गूळ घेतल्याने रक्तातील साखर वाढायची थांबत नाही.

दुसरा घटक प्रथिनांचा. तो आपल्या ताटात सर्वांत दुबळा आहे. साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतात, तीस ग्रॅम तुरडाळीच्या घट्ट वरणात साधारण तेवढीच. प्रथिने साखर एकदम चढू देत नाहीत आणि पोट भरल्याचे समाधान देतात. मटकी, हुलगा, चवळी, हरभरा, दही, मासळी हे सारे आपल्या ओळखीचे अन्न आहे. सोयाबीन तर मराठवाडा-विदर्भात पोत्यांनी पिकते. ते सारेच बाजारात न नेता घरच्या पिठात थोडे मिसळावे. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सुकी मासळी खारट असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी तिच्यापासून जपावे.

तिसरा घटक स्निग्ध पदार्थांचा. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनांतून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. तेलाने साखर लगेच वाढत नाही, पण वजन वाढते आणि हृदयावर भार येतो. म्हणून भाजीवर तवंग नको, तळण रोज नको. शेंगदाण्याची चटणी चांगली, पण चमचाभर.

सोपा नियम असा : अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव ताट भाकरी किंवा भाताचे, पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासळीचे. यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही.

पण हे ताट कोणाचे, हाही प्रश्न आहे. अनेक घरांत गृहिणी सर्वांच्या शेवटी जेवते. तिच्या वाट्याला उरलेली भाकरी आणि डाळ संपलेली आमटी येते. तिलाच मधुमेह असेल तर पथ्य कसे पाळले जाणार? समतेचा विचार आपण व्यासपीठावरून सांगतो. तो पातेल्यातील डाळीपर्यंत गेला पाहिजे. घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

संयुत्तनिकायात राजा प्रसेनजिताची कथा आहे. द्रोणभर भाताचे भोजन करून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला भोजनातील मात्रा जाणण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो पाठ करून जेवणाच्या वेळी म्हणावयास सांगितले आणि हळूहळू आहार नाळीभर भातावर आणला. लक्षात घ्या, 'हळूहळू' आणला. जेवण सोडले नाही.

हीच गोष्ट उपोसथाला लागू आहे. अष्टशील पाळणारे आपले उपासक दुपारनंतर जेवत नाहीत. परंतु जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण टाळू नये. साखर एकाएकी उतरून घाम, थरथर, चक्कर येते, शुद्धही हरपते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनीही शिधा व साखर जवळ ठेवावी. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध व गूळ ही पाच औषधे विकाळीही घेण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली, असे विनयपिटकात आहे. ज्या धम्मात रुग्णाची एवढी काळजी आहे, त्याच्या नावावर रुग्णाने शरीराला क्लेश देणे योग्य नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, घरात वाचता-लिहिता येणारे तुम्ही आहात. आई-वडिलांच्या तपासणीच्या तारखा वहीत लिहा, गोळ्यांच्या वेळा सांभाळा, ताटाकडे लक्ष द्या. अतिभोजन नको, उपासमारही नको. आपला मार्ग मध्यम आहे, तो जेवतानाही सोडू नये.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!